इरावतीबाई कर्वे : कवटीपासून कोयनेपर्यंत



इरावती हे ब्रह्मदेशातील नदीचे नाव. १५ डिसेंबर १९०५ रोजी त्याच देशात मिंजान गावी जन्मलेल्या मुलीला गणेश हरी करमरकरांनी ते नाव दिले. करमरकर तेथे नोकरीस होते. मुलगी सात वर्षांची होताच त्यांनी तिला शिक्षणासाठी पुण्यास, हुजूरपागेच्या शाळेत धाडले. दहावीनंतर मुलीला शेजारच्या तालुक्यात पाठवायचे तर आपल्या घरांत किती बैठका होतात, हे पालकांना मी काय सांगावे!

पुढे त्या फर्ग्युसनमध्ये शिकल्या, मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्रात एम. ए. झाल्या आणि १९२८ साली बर्लिनला गेल्या. तेथील त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशशास्त्रातले बडे प्रस्थ. युरोपियनांच्या कवटीच्या दोन बाजू असमान असतात व त्याचा संबंध त्यांच्या वरचढ बुद्धीशी आहे, अशी त्यांची समजूत. विद्यार्थिनीने तेच सिद्ध करावे ही अपेक्षा. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानपणा सगळीकडे आढळला, पण वंशाशी त्याचा संबंध लागेना. त्यांनी प्रबंधात तसेच लिहिले. परकी विद्यार्थिनी, परका देश, आणि पदवी त्याच गुरूच्या हाती! तरीही १९३० साली त्या डॉक्टरेट घेऊन परतल्या. फिशर यांच्या पठडीतील विचारांचा आधार पुढे नाझींनी आपल्या वंशकायद्यांसाठी घेतला, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

१९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. परंतु त्यांची खरी प्रयोगशाळा म्हणजे गावे, पाडे, यात्रा. नात्यांवरील त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली निघाला. उत्तरेकडील बहुतेक हिंदूंत मामेबहीण ही बहीणच. महाराष्ट्रात अनेक जातींत मामाच्या मुलीवर हक्क सांगतात. कर्नाटकात मामा-भाचीचेही लग्न होते. आपला जत-मिरजेचा पट्टा या सीमेवरच असल्याने हे आपल्याला पुस्तकाविना ठाऊक असते. आपल्या घरांत मामे चालते, पण चुलत नाही. ही गंमत नव्हे, यातून भाषेचा आणि प्रदेशाचा नकाशा काढता येतो, हे बाईंनी दाखविले.

त्या आळंदीच्या पालखीबरोबर पंढरपूरलाही चालत गेल्या. ही पालखी आपल्या सातारा जिल्ह्यातून, लोणंद-फलटणवरून जाते. त्यांनी सुंदर मराठीत त्या वाटेचे वर्णन केले. तोंडी एकच अभंग, पण जेवणाच्या पंगती ब्राह्मणांच्या वेगळ्या आणि मराठ्यांच्या वेगळ्या, ही खंतही त्यांनी लपविली नाही. स्वतः ब्राह्मण घरातल्या असून लिहिले! मला विचाराल तर 'युगान्त'ला १९६८ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, त्याहून या प्रवासाच्या पानांचे मोल मला अधिक वाटते.

आता आपल्या दाराशी येऊ. पाटण तालुक्यात कोयनेचे धरण झाले, शिवाजीसागर भरला आणि खोऱ्यातील गावे उठली. कोणी डोंगरावर सरकले, कोणी घाट उतरून कोकणात गेले, कोणी सांगली-सोलापूरच्या कोरड्या रानात आले. या लोकांचे पुढे काय झाले, याची पाहणी इरावतीबाईंनी कन्या जाई निंबकर यांच्यासह केली. ती १९६९ साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी, ११ ऑगस्ट १९७० रोजी, बाई गेल्या.

कोयनेचे पाणी कराडला कृष्णेत मिळते आणि सांगलीकडे येते. आपल्या शेतांना, नळांना ते लागते. धरणाची उंची, विजेचे आकडे पाठ्यपुस्तकांत येतात. उठलेल्या घरांची गणती कोणीतरी दारोदार जाऊनच करावी लागते.

आपल्या वर्गांतही अशा घरांची नातवंडे असतील. विद्यार्थ्यांनी सुटीत घरी व शेजारी विचारावे : जुने गाव कोणते, तेथे काय पिकत होते, नव्या ठिकाणी पहिल्या वर्षी काय खाल्ले? उत्तरे वहीत लिहून आणावीत. जून महिन्यात भूगोलाच्या तासाला ती गावे आपण जुन्या नकाशावर शोधू.