सातने भागताना उरणारी बाकी



गणिताच्या तासाला उत्तर बरोबर आले की पाटी पुसली जाते. ते उत्तर कोठून आले, हे पाहावयाचे राहूनच जाते. त्यासाठी १,४२,८५७ ही एकच संख्या वर्गात न्यावी.

हिला २ ने गुणले असता २,८५,७१४ येतात; ३ ने ४,२८,५७१, ४ ने ५,७१,४२८, ५ ने ७,१४,२८५ आणि ६ ने ८,५७,१४२. अंक तेच, त्यांचा क्रमही तोच. आरंभ तेवढा निराळा. फेर धरून उभ्या असलेल्या सहा मुलांपैकी पहिले कोणास म्हणावयाचे, एवढाच काय तो फरक. ७ ने गुणताच मात्र फेर मोडतो आणि ९,९९,९९९ येतात.

शिक्षक येथेच थांबले तर मुलांस मौज वाटेल. पण ती जादू ठरेल, गणित नव्हे. मर्म साध्या भागाकारात आहे. १ ला ७ ने भागावे. १० मध्ये ७ एकदा जातात, बाकी ३. बाकीवर शून्य देऊन ३० मध्ये चारदा, बाकी २. पुढे २० मध्ये दोनदा, बाकी ६. ६० मध्ये आठदा, बाकी ४. ४० मध्ये पाचदा, बाकी ५. ५० मध्ये सातदा, बाकी १. आरंभीचा १ परत आला, म्हणून १, ४, २, ८, ५, ७ हेच अंक पुन्हा येऊ लागतात. सातने भागताना शून्याखेरीज सहाच बाक्या संभवतात आणि येथे त्या सहाही येऊन जातात. १ ऐवजी २ ला भागले तर त्याच फेरात २ या बाकीपासून प्रवेश होतो. उत्तर दुप्पट येते, अंक मात्र तेच राहतात.

प्रत्येक भाजकाचे असे होत नाही. १३ ने भागल्यास बारा बाक्यांचे सहा-सहांचे दोन फेर पडतात. हे मुलांनीच शोधावे.

देवळाली येथे शाळाशिक्षक असलेले द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी संख्यांचे असेच गुणधर्म शोधले. ४५ चा वर्ग २०२५; २० आणि २५ मिळून पुन्हा ४५. अशा संख्यांस आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. १,४२,८५७ हीही त्यांतलीच. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्यातील २०४०८ आणि १२२४४९ यांची बेरीज पुन्हा १,४२,८५७.

या कामास खडू, फळा आणि भागाकार एवढे साहित्य पुरते. मात्र ‘असे का?’ म्हणून उठलेल्या मुलास ‘पाठ कर’ असे उत्तर मिळाले, तर ते मूल पुन्हा विचारीत नाही. त्याला फळ्यापाशी बोलवावे, हाती खडू द्यावा आणि बाकी मोठ्याने वाचावयास सांगावे.