सृष्टिनियम आणि इच्छास्वातंत्र्य

फ्रेंच गणिती लाप्लास यानें १८१४ सालीं एका अफाट बुद्धीची कल्पना मांडली. विश्वांतील प्रत्येक कणाचें स्थान व गति आणि सर्व प्रेरणा एका क्षणीं तिला कळल्या, तर भूत व भविष्य तिला सारखेंच प्रत्यक्ष दिसेल. ग्रहण पंचांगांत आधींच मांडतां येतें. त्याच न्यायानें अमका मनुष्य उद्यां चोरी करील हेंही मांडतां यावें. मग न्यायाधीश शिक्षा देतो ती कोणाला? चोराला, कीं ज्या धूलिमेघापासून ही पृथ्वी झाली त्याला?

१९२७ सालीं हायझेनबर्गचें अनिश्चिततेचें तत्त्व पुढें आलें, आणि एडिंग्टनसारख्या ज्योतिर्विदाला स्वातंत्र्याचें दार किलकिलें झाल्यासारखें वाटलें. हा आनंद उतावळेपणाचा होता. रेडियमचा एखादा परमाणु आतां फुटेल कीं १६०० वर्षांनीं, हें कोणत्याही ज्ञात नियमानें सांगतां येत नाहीं. पण म्हणून त्याला कोणी स्वतंत्र म्हणत नाहीं. हात असल्या यदृच्छेनें हलूं लागला तर त्याला कंप म्हणतात, आणि मनुष्य वैद्याकडे जातो.

नियमांच्या फटींत स्वातंत्र्य शोधण्याची खोडच सोडलेली बरी. निर्जळी एकादशी करणारा गृहस्थ (साबुदाण्याच्या खिचडीची एकादशी येथें कामाची नाहीं) आणि उपाशी ठेवलेला कैदी, दोघांच्याही देहांतील चरबी एकाच रसायननियमानें जळते. तरी भेद आहे. गृहस्थाचा विचार बदलला तर ताट पुढें येतें. कैद्याचा बदलून कांहीं होत नाहीं. विचार हाही कार्यकारणाच्या साखळींतील दुवाच. पण कृति त्या दुव्यांतून जाते कीं त्याला वळसा घालून, हा खरा प्रश्न. ह्यूमनें १७४८ सालीं स्वातंत्र्याचा अर्थ जवळजवळ हाच केला होता.

आक्षेप उरतो, आणि तो लहान नाहीं. ती इच्छा तरी गृहस्थाची कोठली? ती संस्कारांनीं घडविली. टिळकांनीं १९१५ सालच्या ‘गीतारहस्यां’त हा पेंच आत्मा कर्मसृष्टीपलीकडचा ठरवून सोडविला. पदार्थविज्ञानाला तो मार्ग मोकळा नाहीं. पण संस्कार हें जसें कारण, तशींच उपदेश, लाज व शिक्षा हींही कारणेंच. त्यांचा ज्याच्या विचारावर परिणाम होऊं शकतो, त्याच्याकडे जबाब मागण्यांत अर्थ आहे. आपण काय करीत आहों हें न समजणाऱ्या वेड्याला १८६० च्या दंडसंहितेनें अपराधी धरलें नाहीं, आणि २०२३ च्या भारतीय न्यायसंहितेनेंही ती सूट ठेवली आहे. त्या वेड्याचे परमाणु न्यायाधीशाच्या परमाणूंहून निराळ्या नियमांनीं चालत नाहींत.