कापलेल्या पैशाचा हिशेब



खानदेशात सालदाराचा हिशेब आखाजीला करण्याची रीत जुनी आहे. वर्षारंभी ठरलेला आकडा ऐकायला बरा वाटे. परंतु मधल्या काळातील उचल आणि आजारपणातील खाडे वजा जाता अखेरीस हाती पडे ते थोडेच, आणि कित्येकदा उलट देणेच अंगावर राही. ते फेडण्यासाठी सालदार पुन्हा त्याच शेतात राबे. तेव्हा धुळे जिल्ह्यात असलेल्या शहादे भागात 1972 पासून श्रमिक संघटनेने जो लढा उभारला, त्यात सालदाराच्या मजुरीचा प्रश्न अग्रभागी होता तो यामुळेच. ठरलेली मजुरी आणि हाती आलेली मजुरी यांतील अंतर कोण ठरवतो, हा प्रश्न शेतापुरता मर्यादित नाही. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील चटईच्या कारखान्यात, डाळ मिलमध्ये आणि भुसावळच्या रेल्वे वसाहतीतही तो दरमहा उपस्थित होतो.

पगारातून मालकाने काय कापावे याला भारतात प्रथम व्यापक बंधन आले ते 1936 च्या वेतन अदायगी कायद्याने. त्यापूर्वी गिरणीमालक दंडाच्या नावाखाली वाटेल ते कापत. आज त्या कायद्याची जागा 2019 च्या वेतन संहितेने घेतली असून ती 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आली आहे. तिच्यानुसार सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. दंड शेकडा 3 च्या पुढे जाता कामा नये, आणि कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्याखेरीज तो बसवता येत नाही. वेतनचिठ्ठी हा कामगाराचा हक्क आहे. कार्यकर्त्यांनी पहिली मागणी करावी ती या चिठ्ठीची, कारण चिठ्ठीवाचून पुढचा हिशेबच संभवत नाही.

आता हा हिशेब एका उदाहरणाने पाहावा. एका कामगाराचा एकूण पगार 18,000 रुपये आहे. त्यात मूळ पगार व महागाई भत्ता 7,000, आणि घरभाडे, प्रवास इत्यादी भत्ते 11,000. भविष्यनिर्वाह निधीसाठी मूळ पगार व महागाई भत्त्यावर शेकडा 12 प्रमाणे 840 रुपये कापले जातात; व्यवसाय कराचे 200. राज्य कामगार विम्याची वर्गणी क्षणभर बाजूला ठेवली, तर हाती 16,960 रुपये पडतात. कामगाराला वाटते, कपात थोडी, म्हणजे मालक बरा. येथेच फसगत आहे. निधीत जितके कामगार भरतो, तितकेच मालकालाही भरावे लागतात. मूळ पगार मुद्दाम तोकडा ठेवून भत्ते फुगवले, की मालकाचा वाटा वाचतो, आणि कामगाराची म्हातारपणाची पुंजी व उपदान ही दोन्ही आक्रसतात.

या युक्तीला सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2019 च्या निकालाने आळा घातला. सर्व कामगारांना सरसकट मिळणारे भत्ते निधीच्या हिशेबातून वगळता येणार नाहीत, असे त्याने ठरवले. नव्या संहितेनेही वगळण्याजोगे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेल्यास वरची रक्कम वेतनातच धरली आहे. ढोबळ हिशेबाने वरील उदाहरणात 2,000 रुपये वेतनात मिळतील, वेतन 9,000 होईल, कपात 840 वरून 1,080 वर जाईल. हाती 240 रुपये कमी येतील, पण निधीच्या खात्यात दोघांचे मिळून 480 रुपये अधिक जमा होतील. हातातला पगार घटला म्हणून कामगार रागावेल आणि मालक त्या रागाला खतपाणी घालील. हा दोन ओळींचा हिशेब तेव्हा कामगाराच्या दारात जाऊन मांडणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

व्यवसाय कराची कथा निराळी आहे. महाराष्ट्राने 1975 साली हा कर बसवला तो रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या ग्रामीण मजुरासाठी शहरातील पगारदाराने वाटा उचलावा, ही कल्पना उदात्त होती आणि समाजवाद्यांना ती प्रिय वाटावी अशीच होती. परंतु घटनेने या करावर वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा घातली आहे. त्यामुळे महिना 12,000 मिळवणारा पुरुष कामगार वर्षाला जितका कर देतो, तितकाच महिना पाच लाख मिळवणारा अधिकारी देतो. पहिल्याला दर दहा हजारांमागे सुमारे 174 रुपये पडतात, तर दुसऱ्याला अवघे 4. महिना 25,000 पर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना एप्रिल 2023 पासून या करातून सूट मिळाली, हे योग्यच झाले. तशीच सूट अल्पवेतनी पुरुष कामगारालाही मिळाली पाहिजे, आणि वरच्या उत्पन्नावर चढत्या दराने कर घेता यावा म्हणून घटनेतील मर्यादाही बदलली पाहिजे.

कपात झाली तरी ती जमा झाली का, हाही प्रश्न उरतोच. कामगाराच्या पगारातून निधीची रक्कम कापून ती न भरणे हा कायद्याने विश्वासघाताचा गुन्हा आहे. खात्याचे पासबुक मोबाइलवर पाहता येते. दर तीन महिन्यांनी ते पाहण्याची सवय कामगाराला लावावी. जळगावची खानदेश मिल बंद पडली तेव्हा भोंगा थांबला, पगार थांबला. अशा वेळी कामगाराच्या हाती उरते ते त्याच्या नावे खरोखर जमा झालेलेच.

आणि ज्याच्या पगारातून काहीच कापले जात नाही, त्याचे काय? धुळ्याच्या यंत्रमागावर नगावर काम करणाऱ्या विणकराला आठवड्याचे पैसे रोख मिळतात. चिठ्ठी नाही, निधी नाही, विमा नाही. ठरले तेवढे सगळे त्याच्या हाती पडते, आणि तरीही या सर्वांत असुरक्षित तोच असतो. आजारपण, अपघात, म्हातारपण यांची कपात त्याच्या संसारातून होते. फक्त ती कोणत्याही कागदावर दिसत नाही. भुसावळच्या कायम कामगाराची वेतनचिठ्ठी तपासणाऱ्या संघटनेने या विणकराला पहिली वेतनचिठ्ठी मिळवून दिली, तरच तिचा हिशेब पुरा झाला असे म्हणता येईल.