वीस बाह्तची नोट



शाळेत तसबिरी पुसायची पाळी बहुतेक माझ्यावरच यायची, त्यामुळे भिंतीकडे माझं लक्ष आधी जातं. २०१६ च्या मे महिन्यात आम्ही थायलंडला गेलो, तेव्हा राजे भूमिबोल हयात होते. १९४६ पासून गादीवर. चौकातल्या कमानीवर राजा, खाणावळीत गल्ल्यामागे राजा, नोटेवर राजा. एका तसबिरीत तर नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब! असा घामेजलेला राजा मी कुठंच पाहिला नव्हता.

चिआंग माईच्या बाजारात माझ्या हातून वीस बाह्तची नोट उडाली. अडवायला पाय उचलला, तोच फळवाली किंचाळली. राजाच्या चेहऱ्यावर पाय! राजाच्या अपमानाला तिथं तीन ते पंधरा वर्षं कैद आहे. तिनं वाकून नोट उचलली, पुसली, दोन्ही हातांनी मला दिली.

"हे प्रेम की भीती?" मी आमच्या ड्रायव्हरला विचारलं. तो नुसता हसला आणि रस्त्याकडे बघत राहिला.

१३ ऑक्टोबरला राजे गेले. टीव्हीवर माणसं तसबिरी छातीशी धरून रडत होती. त्या गर्दीत मी उगाचच त्या फळवालीला शोधत होतो.