अथेन्स, निकिया आणि सातारा
(सांगली येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळी आठ्या पडल्या असतील. ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या पहिल्या पाच शतकांशी सातारा-सांगलीकरांना काय कर्तव्य? मिरजेचे १८९४ साली स्थापन झालेले वानलेस रुग्णालय आपल्या परिचयाचे आहे. परंतु त्या डॉक्टरांच्या श्रद्धेमागील तत्त्वज्ञान कसे घडले, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? मी स्वतः तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालो. आमचे प्राध्यापक ॲरिस्टॉटलवरून थेट देकार्तवर उडी घेत. मधली सुमारे दोन हजार वर्षे अभ्यासक्रमात नव्हतीच!

आरंभीचा ख्रिस्ती पंथ गालिलीतील साध्या माणसांचा. तो ग्रीक नगरांत पसरला तेव्हा त्याची गाठ प्लेटोच्या वारसदारांशी पडली. जस्टिन हा तत्त्ववेत्ता ख्रिस्ती झाल्यावरही तत्त्ववेत्त्याचा झगा अंगावर वागवीत असे. ज्या ‘लोगॉस’ने विश्व चालते त्याचे बीज सॉक्रेटिसातही होते, असे त्याचे प्रतिपादन. इ.स. १६५च्या सुमारास रोममध्ये त्याचा शिरच्छेद झाला. उलट कार्थेजचा टर्टुलियन विचारी की, अथेन्सचा जेरुसलेमशी संबंधच काय? हा वाद पुढे कधीच पुरता मिटला नाही.

अलेक्झांड्रियात तर आपल्या देशाची वार्ताही पोहोचली होती. तेथील क्लेमेंटच्या लेखनात बुद्धाचा उल्लेख आहे. त्याच नगरीत शिकलेला प्लोटायनस भारतीय तत्त्वज्ञान जाणून घेण्याच्या ओढीने २४३ साली रोमन सैन्याबरोबर पूर्वेकडे निघाला. मोहीम फसली आणि तो परतला. सहाव्या शतकातील व्यापारी कॉस्मस ‘कल्लियाना’ येथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचे नोंदवितो. हे ठाणे म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

३२५ साली निकिया येथे सम्राट कॉन्स्टंटाइनने धर्मपरिषद बोलाविली. पुत्र हा पित्याने निर्मिलेला की पित्याशी एकतत्त्व? एरियस पहिल्या पक्षाचा, अथनेशियस दुसऱ्या. निर्णय ज्या ‘होमोऊसिऑस’ या शब्दावर झाला, तो बायबलमध्ये कोठेही नाही. तो ग्रीक तत्त्वज्ञानाच्या परिभाषेतला. अद्वैत आणि विशिष्टाद्वैत यांतील सूक्ष्म भेदांवर पिढ्यान्‌पिढ्या चाललेले शास्त्रार्थ ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना या काथ्याकुटाचे हसू येऊ नये. अंतर आहे ते दुसरीकडे. तेथे निर्णयामागे राजदंड उभा होता. एरियस हद्दपार झाला आणि वारे फिरल्यावर अथनेशियसही एकदा नव्हे, पाच वेळा!

ऑगस्टीनची कथा मला सर्वांत जवळची वाटते. प्लोटायनसचे ग्रंथ लॅटिन भाषांतरात वाचून त्याची बुद्धी पालटली आणि ३८७ साली त्याने बाप्तिस्मा घेतला. म्हणजे ज्या पुलावरून तो पलीकडे गेला, तो बांधला होता ख्रिस्ती नसलेल्या माणसाने.

आता साताऱ्यात या. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे मूळचे चित्पावन ब्राह्मण, कवी; १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांनी ओवी-अभंग लिहिले, कीर्तने केली. १९१७ साली मिशनची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, अशा दोन्ही शिष्यांना त्यात स्थान दिले. जस्टिनने ग्रीकांत जे केले, ते त्यांना मराठीत करावयाचे होते. १९१९च्या मे महिन्यात ते गेले. दरबाराला दोन वर्षेसुद्धा नीट लाभली नाहीत.

टिळकांच्या निष्ठेविषयी मला शंका नाही. त्यांच्या मार्गाविषयी मात्र आहे. प्लोटायनसचा पूल ख्रिस्ती धर्माने वापरला. परंतु पॉर्फिरी या त्याच्या शिष्याचा ख्रिस्ती मताविरुद्धचा ग्रंथ ४४८ साली राजाज्ञेने जाळण्यात आला आणि ५२९ साली जस्टिनियनने अथेन्समधील तत्त्वज्ञांचे अध्यापन बंद पाडले. पलीकडे गेलेल्यांना पूल राखण्याची गरज उरली नव्हती. तुकोबांचे तसे झाले नाही, कारण तो पूल वारकऱ्यांच्या नित्य वहिवाटीत होता. टिळकांनी अभंग उचलला, तरी अभंग देहू-पंढरीच्या वाटेवरच राहिला.

तरीही टिळकांना खोडून काढावयाचे असेल, तर आधी ते वाचावे लागतील. आणि त्यांच्या मागचे ऑगस्टीन, अथनेशियसही. ऐकीव माहितीवर खंडन करणाऱ्यांशी मी वाद घालीत नाही. अध्यक्षांनी प्रश्नांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. ज्यांनी यांतले काही वाचले असेल, त्यांनी प्रथम विचारावे.