हिऱ्याचा थर कसा वाढतो?



हिरा म्हटला की आपल्याला अंगठी आठवते. आज मी वायूतून वाढवलेल्या हिऱ्याच्या पातळ थराची हकीकत सांगणार आहे.

तुमच्या पेन्सिलीतले शिसे म्हणजे ग्राफाइट. ग्राफाइट आणि हिरा, दोन्ही कार्बनच; फरक फक्त अणूंच्या मांडणीचा. हिरा घडायला प्रचंड दाब हवाच, अशी समजूत होती. अमेरिकेत विल्यम एव्हरसोल यांनी 1952 च्या सुमारास कमी दाबातही हिरा वाढवला. पण वेग फार मंद होता आणि सोबत ग्राफाइटही साचत असे. पुढे 1982 मध्ये जपानच्या मात्सुमोतो, सातो व सहकाऱ्यांनी तापलेल्या तारेची पद्धत प्रसिद्ध केली.

या पद्धतीत हायड्रोजनमध्ये शेकडा एखादा भाग मिथेन मिसळतात. सुमारे 2000 अंश सेल्सिअसवर तापलेल्या तारेमुळे हायड्रोजनचे रेणू फुटून अणू सुटे होतात. खाली सिलिकॉनची तापलेली चकती असते. तिच्यावर कार्बन कधी हिऱ्याच्या, तर कधी ग्राफाइटच्या मांडणीत बसतो. हायड्रोजनचे अणू ग्राफाइट झपाट्याने काढून टाकतात. हिऱ्याला मात्र फारसे झिजवत नाहीत. म्हणून हिरा उरतो.

गुळगुळीत चकतीवर हिरा सहजी धरत नाही. म्हणून ती आधी हिऱ्याच्या पुडीने घासतात. मग तिच्यावर असंख्य कण उगवतात. ज्यांची जलद वाढीची दिशा वर असते ते पुढे जातात, बाकीचे त्यांच्याखाली दबतात. थर उभा चिरून सूक्ष्मदर्शकातून पाहिला, तर तळाशी बारीक कणांची दाटी आणि वर रुंदावत गेलेले खांब दिसतात. कणांच्या सीमांशी उष्णता अडते. त्यामुळे वरचा भाग तांब्याच्या कितीतरी पट उष्णता वाहून नेऊ शकतो. तळाच्या दाटीला ते जमत नाही.

या पद्धतीत वाढ तासाला सुमारे 1 मायक्रॉन. केसाएवढ्या जाडीला तीन दिवस लागतात. घाईने मिथेन फार वाढवला, तर ग्राफाइट थरातच अडकते आणि हिरा काळवंडतो.

पालकहो, मुलाच्या वहीत खाडाखोड दिसली तर रागावू नका. चूक काढून टाकण्याचे काम तिथे चालू आहे. आणि विद्यार्थी मित्रांनो, न समजता पाने घोकू नका. आज आत राहिलेली चूक उद्याच्या थराखाली झाकली जाते, पण जात नाही.