कळा आणि धीर

आपल्या मुडबीत पूर्वी सुईण आली की बायका पाणी तापवायच्या आणि वाट पाहायच्या. खरं काम ते वाट पाहणंच. पण आमच्या एक काकू अशाच घरी बाळंत झाल्या, रक्तस्राव थांबेना, बसवकल्याणला न्यायला वाहन मिळालं नाही. त्या गेल्या. तेव्हा सुईणीचे दिवस परत यावेत, असं आम्ही म्हणणार नाही.

आता मात्र पंचांग पाहून सिझेरियनची वेळ ठरते! 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत 47.4 टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली, सरकारीत 14.3 टक्के. एवढा फरक काही बायकांच्या शरीरात नसतो. गर्भाशयाचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलं नाही, एवढ्याच कारणानं घाई करू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनंही 2018 साली सांगितलं.

आमच्या सुनेला आम्ही दवाखान्यातच नेलं. डॉक्टरीणबाईंना एवढंच विचारलं, "आत्ताच करायला हवं का? थांबलो तर?" बाळाचे ठोके नीट होते, त्या थांबल्या. सुनेची आई रात्रभर तिची कंबर चोळत बसली. पहाटे मुलगी झाली. ठोके बिघडले असते तर सिझेरियनच्या कागदावर आम्ही लगेच सही केली असती.